कोर्चोचं वजन

डॉक्टर बेंतांकूरबाईंनी बरगड्या चाचपायला कुत्र्याच्या कुशीवर हात ठेवला, तो बराच वेळ तिथेच फिरत राहिला. मग चष्मा कपाळावर चढवून त्या म्हणाल्या की बरगड्या असणार, कारण सगळ्याच कुत्र्यांना असतात, पण हाताला काही लागत नाहीत. नीबियाला हसू आलं नाही. ती आधीच पेटलेली होती. घरापासून दवाखान्यापर्यंत कोर्चोनं दर दिव्याच्या खांबापाशी बसकण मारली होती. शेवटच्या चढावर तिनं त्याला उचलून घेतलं, तेव्हा बसथांब्यावरच्या दोघी बायका एका सुरात "बिच्चारा" म्हणाल्या होत्या. वर त्यातली एक पर्समध्ये बिस्किट शोधायला लागली होती.

कोर्चो म्हणजे बूच. पिल्लू असताना त्यांच्या माल्विन वस्तीच्या किनाऱ्यावर लाटांत वरखाली होणारा हा जीव नीबियाच्या भावाला, रुबेनला, सापडला होता. बुडायचं नाव घेत नव्हता म्हणून हे नाव पडलं. आता त्याला पाण्यात सोडला असता तर त्यानं नांगरासारखा सरळ तळ गाठला असता.

डॉक्टरबाईंनी थट्टा बाजूला ठेवली आणि जे होतं ते सांगून टाकलं.

"हृदयावर ताण आलाय, मागचे पाय भार घेत नाहीत. असंच चाललं तर हा पुढचा उन्हाळा काढणार नाही. गोळ्या देते, पण गोळ्यांनी भागणार नाही. ताटलीत घालाल तेवढंच खाणं, वरचं काही नाही. रोज हलवा त्याला, आणि डोक्याला काम द्या. कंटाळलेला कुत्रा दुसरं काय करणार, खातो. आणि शिकवताना खाऊ दाखवू नका, नाहीतर एका हातानं पळवाल आणि दुसऱ्या हातानं भराल."

नीबियाला हे सगळं अगदी जिव्हारी लागलं. तिचा उभा जन्म शाळेत पीटी शिकवण्यात गेला होता. आळशातल्या आळशी पोराला तिनं दोरीवर चढवलं होतं, आणि ती राहते त्याच घरातल्या कुत्र्याला उंबरा ओलांडताना धाप लागावी? परत येताना तिच्या डोक्यात एकेकाची हजेरी लागत होती. समोरची सुल्मा, कागदात बांधून लोण्याचे बिस्कोचो, छोटे गोड पाव, आणणारी. कोपऱ्यावरचा खाटीक, हाडकं बाजूला काढून ठेवणारा. रविवारी निखाऱ्यावर मांस भाजताना चरबीचे तुकडे टेबलाखाली सोडणारे भाचे. हे कुत्र्याचं दुखणं नव्हतंच मुळी. दुखणं माणसांचं होतं आणि कुत्रा ते आपल्या पोटात साठवत होता.

आणि या हजेरीत पहिलं नाव होतं रुबेनचं.

रुबेन खिडकीशी खुर्चीत बसलेला असे. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेला, डावा पाय जेमतेम टेकण्यापुरता उरला. त्याआधी तो आणि कोर्चो रोज सकाळी किनाऱ्यावर जायचे. हा काठी फेकायचा, तो पाण्यात उडी मारायचा, आणि दोघं ओलेचिंब होऊन घरी येऊन शिव्या खायचे. शिव्या द्यायला तेव्हा रुबेनची बायको होती. ती गेली, मग झटका आला, आणि मिनासमधलं आपलं घर बंद करून नीबिया धाकट्या भावाकडे राहायला आली. चाकाची खुर्ची तिनं पहिल्याच महिन्यात आणली होती. पण आपल्याला ढकलत नेताना साऱ्या गावानं बघावं हे रुबेनला मंजूर नव्हतं. त्यामुळे तो घरात बसला, आणि तो बसला म्हणून कोर्चोही बसला.

नीबियानं दवाखान्यातून आल्या आल्या फर्मान काढलं. आजपासून कुत्र्याला हातानं काही द्यायचं नाही. चिमूटभर नाही, पावाचा कोपरा नाही, काही नाही.

"मास्तरीणबाई, तुमची शाळा सुटली, आता कुत्र्याची भरवताय होय?" रुबेन म्हणाला. "अगं, तो निवृत्त झालाय. माझ्यासारखा. निवृत्त माणसानं खायचं नाही तर करायचं काय?"

तेवढ्यात सुल्मा आलीच, हातात नेहमीचं तेलकट पुडकं घेऊन. तिला सगळं सांगितल्यावर तिनं गालाला हात लावला आणि म्हणाली की एका बिस्कोचोनं काय होतंय, बिच्चारा. हे ती कोर्चोकडे बघत म्हणाली, मग तिची नजर रुबेनकडे गेली आणि पुन्हा एकदा, तितक्याच मायेनं, "बिच्चारा" म्हणून तिनं पुडकं सोडलं.

त्या शब्दानं नीबियाची तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर ती हाच शब्द ऐकत होती. लोक तो इतक्या सहज टाकायचे, जणू त्यांच्याकडून कोणाचं तरी भलंच होत होतं. तिनं पुडकं उचललं, सुल्माच्या हातात परत ठेवलं आणि तिला दार दाखवलं. सुल्मा ओठ चावत निघून गेली. त्या दिवसापासून माल्विनमध्ये बातमी पसरली की नीबियाबाई कुत्र्याला उपाशी मारतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीबियानं जुनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि कोर्चोला रांब्लावर काढलं. किनाऱ्याच्या त्या रुंद रस्त्यावर सगळं माल्विन फिरतं, आणि सगळं माल्विन फिरताना येर्बा, म्हणजे पाल्याचा कडवट चहा, पितं. नीबियाही त्याला अपवाद नव्हती. डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास, त्याच हातात येर्बाचा तुंबा, आणि उजव्या हातात कुत्र्याचा पट्टा. बिस्किट द्यायला हात कुठून आणायचा? त्यामुळे तिला शिकवण्याच्या ज्या युक्त्या सुचल्या, त्या सगळ्या बिनहाताच्या होत्या. शिट्टी एकदा वाजली की भरभर, दोनदा वाजली की हळू. कठड्याच्या पायरीवर चढ, उतर, पुन्हा चढ. खजुरीच्या झाडांमधून नागमोडी चाल. कोर्चो सुरुवातीला तिच्याकडे अशा नजरेनं बघायचा की काहीतरी द्यायचं विसरलीस बाई. ती त्याच्या नजरेला नजर देत नसे.

मेंढ्या राखणाऱ्या कॉली कुत्र्यासारखा दिसणारा एक तल्लख कुत्रा घेऊन फिरणारे एक गृहस्थ तिला रोज भेटत. त्यांनी सल्ला दिला की खिशात सॉसेजचे तुकडे ठेवा, वाटेल ते करून घ्याल. नीबिया म्हणाली की पोरांना मी कोलांटीबद्दल कधी चॉकलेट दिलं नाही, कोलांटी हेच त्यांचं चॉकलेट होतं. गृहस्थांनी तिला वळसा घालून जायला सुरुवात केली.

एका थंड सकाळी तिचा लोकरी हातमोजा कुठेतरी पडला. कोर्चो मागे ओढायला लागला तेव्हा तिला वाटलं की झाला हा पुन्हा आडवा, आणि तिनं वैतागून पट्टा सोडला. तो आला तोच मार्ग हुंगत मागे गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या तोंडात हातमोजा होता. शेपूट उभी होती, कान उभे होते, आणि तो खाऊ मागत नव्हता. त्यानं हातमोजा तिच्या पायांवर टाकला आणि दोन पावलं मागे सरून वाट बघत राहिला. नीबियानं थर्मास कठड्यावर ठेवला. तिनं हातमोजा घेऊन तो झाडामागे ठेवला, मग बाकाखाली, मग वाळूत अर्धा पुरून. दर वेळी तो शोधून आणायचा, मग दोघं हातमोजा दोन बाजूंनी ओढायचे, ती "शाब्बास रे" म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्या सकाळी कोर्चो घरी येताना एकाही खांबापाशी बसला नाही.

नीबिया खूश झाली. आता महिनाभरात डॉक्टरबाईंना बरगडी दाखवते असं ती रुबेनला म्हणाली. रुबेन खिडकीबाहेर बघत राहिला.

आणि मग त्यानं ग्रासियास म्हणणं बंद केलं.

त्यांच्या घरची सकाळ येर्बानंच व्हायची. नीबिया तुंबा भरायची, रुबेन नळीनं ओढून रिकामा करून परत द्यायचा, ती एक स्वतःसाठी भरायची, मग पुन्हा त्याच्यासाठी. ज्याला पुरे झालं त्यानं तुंबा परत देताना ग्रासियास, म्हणजे आभार, म्हणायचं. तोंडानं ते म्हटलं नाही तर त्याला अजून हवंय, आणि तोपर्यंत भरणाऱ्यानं उठायचं नाही. भरल्या पंगतीतून वाढपी उठून जावा तसं ते दिसतं. हे त्या दोघांच्या आईनं त्यांच्यात इतकं मुरवलं होतं की नीबियाला इतक्या वर्षांत कधी मोडता आलं नव्हतं. कोर्चोलाही हे कळलं होतं. रुबेनचं ग्रासियास झालं की पट्टा निघतो, म्हणून त्या शब्दाला तो ताडकन उठून दाराशी जाऊन उभा राहायचा.

आता रुबेन तुंबा रिकामा करायचा आणि मुकाट्यानं पुढे करायचा. पाणी कोमट झालं, येर्बाचा चोथा झाला, चव गेली, तरी मुकाट्यानं पुढे. थर्मास संपला तर नीबिया उठून भरून आणी, आणि बसे. कोर्चो त्याच्या तोंडाकडे बघत बसून राही, मग कंटाळून त्याच्या पायांवर डोकं टाकून झोपून जाई. फिरायला निघेपर्यंत ऊन चढलेलं असे, किंवा पाऊस आलेला असे, किंवा स्वयंपाकाची वेळ झालेली असे. नीबियाच्या मते हा निव्वळ आडमुठेपणा होता. कुत्र्याच्या जिवाशी खेळ चालला होता आणि तोही शिष्टाचाराच्या आडून. आईचाच नियम तिच्यावर उलटवून हा बसला होता.

महिन्यानंतर ती कोर्चोला घेऊन दवाखान्यात गेली. काटा वर गेला होता.

डॉक्टरबाई भुवई उचलून म्हणाल्या, "कोणीतरी देतंय."

कोण देतंय हे नीबियाला विचारायची गरजच वाटली नाही. बाहेर पाऊस लागला होता. पावसाच्या दिवशी घरोघर चरबीत तोर्ता फ्रिता, जाड पुऱ्या, तळल्या जातात, त्यांचा वास गल्लीभर होता, आणि सर्वांत दणकट वास सुल्माच्या घरातून येत होता. नीबियानं ओल्या कुत्र्याला घरात सोडलं आणि तशीच रस्ता ओलांडून तिच्या दारावर जाऊन थडकली. तिनं सुल्माला काय काय सुनावलं ते शेजारच्यांनी पुढे बरेच दिवस एकमेकांना सांगितलं. मैत्रीण म्हणवणारी बाई, खिडकीतून चोरून कुत्र्याला विष घालते, आणि वर तोंड करून बिच्चारा म्हणते, वगैरे.

सुल्मानं ऐकून घेतलं. मग झारा खाली ठेवला.

"मी कुत्र्याला तुम्ही बजावल्यापासून एक कण दिलेला नाही," ती म्हणाली. "मी देते ते रुबेनला. तुम्ही त्याला नुसता उकडलेला भोपळा घालता म्हणे. आता सकाळीच तोर्ता फ्रिता नेऊन दिल्या खिडकीतून. माणसानं उपाशी राहायचं का, बिच्चाऱ्यानं?"

नीबियानं भोपळा महिनाभरात एकदासुद्धा उकडला नव्हता. ती वळून रस्ता ओलांडून परत आली. घराचं दार तिनं आवाज न करता उघडलं. रुबेनच्या मांडीवरची शाल फुगलेली होती, शालीखाली कागदी रुमाल होता, रुमालात तोर्ता फ्रिता होत्या, आणि कोर्चो त्याची बोटं एकेक करून चाटत होता.

भांडण मोठं झालं. त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नाही. तू खोटारडा, तू हुकूमशहा, हे घर माझं, मग सांभाळ तुझं घर, असं सगळं होऊन गेलं. कोर्चो टेबलाखाली गेला. शेवटी रुबेनचा आवाज खाली आला, आणि तो जे बोलला ते तिला ऐकून घ्यावं लागलं.

"मी ग्रासियास म्हणालो की तुम्ही दोघं दाराबाहेर. मग मी आणि ही खिडकी. परत येता तेव्हा तो तुझ्याकडे बघत येतो. आधी तो माझ्याकडे बघत यायचा, नीबिया. मी आता धावत नाही, काठी फेकत नाही. त्यानं माझ्याकडे यावं असं माझ्याकडे एवढंच उरलंय." त्यानं रुमाल वर धरला. "हेही काढून घेतलंस तर तो माझ्याकडे कशाला येईल?"

 तोच शब्द नीबियाच्या स्वतःच्या जिभेवर आला. बिच्चारा. आता सुल्मासारखा गालाला हात लावायचा तेवढा बाकी राहिला होता. तिला स्वतःचाच असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सगळं तिला एकदम दिसलं. ज्याच्याकडून कसलीच अपेक्षा उरलेली नाही, त्याच्या तोंडात लोक गोड कोंबतात. सुल्मा रुबेनच्या तोंडात कोंबते, रुबेन कोर्चोच्या. आणि ती स्वतः? ती त्याचे बूट बांधते, त्याचं मांस कापून देते, त्याचा तुंबा भरते. या घरात आल्यापासून तिनं भावाला एकदाही काही करायला सांगितलं नव्हतं.

"तू त्याला मारतोयस," ती म्हणाली. "लोक म्हणतील प्रेमानं मारलं, म्हणून तुला कोणी अडवणार नाही. मी अडवतेय. उजवा हात चालतो ना तुझा? डोकं चालतं, लबाडी तर भरपूर चालते. मग काठी नाही फेकता येत तर नको फेकूस." तिनं खिशातला लोकरी हातमोजा काढून त्याच्या मांडीवर टाकला. "हा लपव. तो शोधेल."

"इथे बसून कुठे लपवू? बुडाखाली?"

"ते तुझं तू बघ."

तिनं तोर्ता फ्रितांचा रुमाल घेतला, थर्मास काखेत मारला, तुंबा घेतला आणि पावसात निघून गेली. कुत्र्याशिवाय. रांब्लावर चिटपाखरू नव्हतं. तिनं भिजत भिजत एकटीनं येर्बा प्यायली, तोर्ता फ्रिता समुद्रपक्ष्यांना टाकल्या, आणि रुबेनला, सुल्माला, बसथांब्यावरच्या दोघींना आणि सर्वांत जास्त स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. चिडून मैदान सोडून जाणारी शिक्षिका तिला कधीच पसंत नव्हती, आणि आज तीच तशी निघून आली होती. ती माघारी वळली तेव्हा तिची चाल धावण्यासारखीच होती.

दार उघडताच तिला आतल्या खोलीतून नखांचा खरखराट ऐकू आला. कपाटाचे खण उघडे होते, गालिचा गोळा झाला होता, खिडकीशी खुर्ची रिकामी होती. रुबेन स्वयंपाकघरात जमिनीवर पडला होता. शेजारी स्टूल उलटलं होतं, आणि त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर पीठ सांडलेलं होतं.

तिच्या हातातून थर्मास निसटला. ती त्याच्याकडे धावली, तर त्यानं उजवा हात वर केला.

"थांब. उचलू नकोस. अजून सापडलं नाहीये त्याला."

"पडलास?"

"आधी लपवलं," रुबेन म्हणाला, "मग पडलो."

तिनं त्याचं डोकं बघितलं, मनगट बघितलं, पाय हलवून बघितला. कुठे मोडलेलं नव्हतं. मग तीही ओल्या कोटासकट जमिनीवर बसली. आतून कोर्चोचं हुंगणं ऐकू येत होतं. तो न्हाणीघरात गेला, तिथून बाहेर आला, खुर्चीखाली घुसला, पुन्हा आत गेला. मध्येच दाराशी येऊन त्यानं दोघांकडे बघितलं आणि या दोघांचा काही उपयोग नाही असं ठरवून निघून गेला. रुबेन श्वास रोखून ऐकत होता. कोर्चो जवळ आला की त्याची बोटं नीबियाच्या मनगटावर आवळायची. बायको गेल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर असा भाव तिनं पाहिला नव्हता. त्याला जिंकायचं होतं.

शेवटी कोर्चो स्वयंपाकघरात आला, पिठाच्या डब्यांच्या फळीखाली उभा राहिला आणि नाक वर करून एकदाच भुंकला. मग उलटलेल्या स्टुलावर पुढचे पाय टेकून वर चढायला बघू लागला. मागचे पाय थरथरत होते, पण भार घेत होते. नीबियानं उठून फळीवरून काही काढून दिलं नाही. तिनं फक्त स्टूल सरळ करून धरलं. तो कसाबसा चढला, डबा पाडला, पिठासकट हातमोजा खाली आणला, आणि तो शिंकत शिंकत रुबेनच्या छातीवर टाकून मागे सरून उभा राहिला.

"आता उचल मला," रुबेन म्हणाला. "पुढची जागा बघायचीय."

त्याला उचलताना दोघं पुन्हा भांडले, तो पडला म्हणून ती आणि ती निघून गेली म्हणून तो. पण सकाळच्या येर्बाला त्यानं दुसऱ्याच तुंब्यानंतर ग्रासियास म्हटलं, आणि वर तिला घाईही केली. नीबिया आणि कोर्चो बाहेर असेपर्यंत त्याला घर लावून ठेवायचं होतं. एका हातानं, कधी भिंतीला धरून, कधी काठीवर टेकत तो अशा जागा शोधून काढायचा की नीबियाला स्वतःचे मोजे सापडेनासे झाले. सुल्मालाही त्यानं कटात घेतलं. ती आता पुडकं आणायची ते स्वतःपुरतं, आणि खिडकीत उभी राहून खात खात कोर्चोला चुकीच्या दिशा सुचवायची. तिनं आणि नीबियानं एकमेकींची माफी मागितली नाही. कोर्चो मात्र शेवटचा चढ धावत चढायला लागला, पट्ट्याला ओढत, कारण घरी काम पडलेलं असे. वसंतात डॉक्टरबाईंचा हात त्याच्या कुशीवर फिरला आणि एका जागी थांबला. एक बरगडी लागली, त्या म्हणाल्या, दुसरीसाठी पुन्हा या.

आणि मग रुबेन घरावरच चिडला. दोन खोल्यांचं काय घर हे, तो म्हणाला, या कुत्र्याला सगळं पाठ झालंय, कपाटं पाठ, फळ्या पाठ, माझं डोकंसुद्धा पाठ. इथे आता लपवायला जागा उरलेली नाही. नीबियानं काहीच सुचवलं नाही. ती भांडी घासत राहिली. दोन दिवस चिडचिड करून तिसऱ्या दिवशी त्यानंच चाकाची खुर्ची बाहेर काढायला सांगितली, आणि वर बजावलं की ढकलताना कोणाशी बोलत थांबायचं नाही.

रविवारची सकाळ होती, रांब्ला माणसांनी फुललेली होती. नीबियानं कोर्चोला पाठमोरा धरला, आणि रुबेननं कठड्याच्या दगडांमधल्या एका फटीत हातमोजा खोल सारला. मग ती बाजूला जाऊन बसली. कोर्चोनं नाक जमिनीला लावलं. तो कठड्यालगत पुढे गेला, मागे आला, वाळूच्या पायऱ्या उतरला, पुन्हा चढला. त्याला धाप लागली होती, पण थांबायचं त्याच्या मनात नव्हतं. रुबेन खुर्चीत पुढे वाकून बघत होता.

जवळच्या बाकावर पनामा टोपी घातलेला एक माणूस बसला होता, मांडीवर बिस्किटांचा पुडा घेऊन. त्यानं धापा टाकणारा कुत्रा बघितला, खुर्चीतला माणूस बघितला, आणि चुकचुकून एक बिस्किट कोर्चोपुढे धरलं. कोर्चोनं ते डोळ्याचं पातं लवण्याआधी गिळलं. शेवटी तो कुत्राच होता. नीबियाचा हात शिट्टीकडे गेला, पण त्याआधीच रांब्लावरची माणसं वळून बघतील असा आवाज खुर्चीतून आला.

"ओ साहेब. कोणाला विचारून दिलंत?"

तो माणूस गडबडला. एकच तर दिलं, तो म्हणाला, बिचारा कधीचा काहीतरी शोधतोय, भुकेला असेल.

"भुकेला नाहीये तो. दया आली असेल तर ते बिस्किट तुम्ही खायचं. तुमचं पोट आहे, तुम्ही जगा नाहीतर मरा. हा मला जगायला हवाय."

रुबेनचा चेहरा लाल झाला होता, उजवी मूठ खुर्चीच्या दांड्यावर आपटत होती. त्या माणसाला वाटलं असावं की आजारी माणूस आहे, चिडचिड करायचाच. त्यानं समजुतीनं मान हलवली, उठून जवळ आला आणि पुडा रुबेनपुढे धरला.

"घ्या ना, तुम्हीही घ्या एक."

नीबिया उठायला गेली आणि उठली नाही. रुबेन त्या पुड्याकडे बघत राहिला. मागे कोर्चोनं ओठ चाटून संपवले होते. पुडा त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर होता. त्यानं तिकडे एकदा बघितलं, मग रुबेनकडे बघितलं, आणि नाक खाली घालून कठड्याच्या फटी एकेक करून हुंगायला लागला.

"आमचं काम चाललंय," रुबेन म्हणाला. "दिसत नाही का तुम्हाला? आणि ती टोपी द्या इकडे. हातमोजा त्याला आता सापडेलच, पुढे ही लपवायचीय."

त्या माणसानं पुडा खिशात घातला आणि मुकाट्यानं टोपी काढून दिली.